बायपासनंतर सगळे म्हणतात ‘पुनर्जन्म झाला’. मग मला रडू का येतंय?

बेअरिंगवाला
१९ जून, रात्री २:४०

मंडळी, पाच-सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. घरातले सगळे झोपलेत म्हणून लिहितोय. दिवसा धाडस झालं नसतं.

वय ५७. सांगलीजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी. ऊसवाल्याची मोटर जळली की तो माझ्या दारात. ३१ वर्षं हेच चाललंय. मे महिन्यात जिना चढताना जबडा दुखायला लागला. दात असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्यानं तोंडात हात घालायच्या आधी ईसीजी काढायला पिटाळलं (देव त्याचं भलं करो). अँजिओग्राफीत तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या, त्यातली एक ९० टक्के. चौथ्या दिवशी बायपास. आज ४१ वा दिवस.

शरीराचं म्हणाल तर झकास. छाती सुकली. पायातली शीर काढली तिथं संध्याकाळी जरा सूज येते, मोजा घालतो. फुफ्फुसांच्या व्यायामाला दिलेल्या त्या श्वास ओढायच्या खेळण्यातल्या तिन्ही गोळ्या वर जातात. सर्जनसाहेबांनी बघितलं, ‘फर्स्ट क्लास’ म्हणाले, दोन मिनिटांत मी बाहेर.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं ठेवतो आणि ‘तुमचा तर पुनर्जन्मच झाला’ म्हणतो. मी मान हलवतो. तो चहा पिऊन गेला की न्हाणीघरात जातो, नळ सोडतो आणि रडतो. कारण काहीही पुरतं. परवा बायकोनं माझ्यासाठी बिनतेलाचा दोडका केला आणि स्वतःच्या ताटातही तोच वाढून घेतला. तेवढ्यावरून अर्धा तास.

रात्रीचं वेगळंच. आमच्या धंद्यात बेअरिंग गेलंय का बघायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बॉडीला लावायचं आणि मूठ कानाला. खरखरीवरून सांगतो, अजून किती दिवस ओढेल. आता डावा कान उशीला टेकला की माझंच मला ऐकू येतं. धक धक धक, आणि मध्येच एक ठोका गिळल्यासारखा. मग मोजत बसतो. मी दुरुस्त केलेल्या मोटरीला सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देतो. मला कुणी दिली नाही.

विमा निम्म्यालाच पुरला. मुलीच्या लग्नाची एफडी मोडली. कधी कधी वाटतं, एवढे पैसे घालून घरी जे आणलंय ते त्या किमतीचं आहे का. लिहून गेलो, आता पुसत नाही.

हे कुणाला झालंय का? किती दिवस चालतं? की माझं डोकंच गेलंय?

कोकमकढी
१९ जून, सकाळी ६:१५

काका, उत्तर माझ्याकडे नाही. पण वाचलंय आणि इथेच आहे. जाणकार येतीलच.

खडूस_आजोबा
१९ जून, सकाळी ७:०२

बायपास, १९९९. चार नळ्या. रडलो. तीन महिने. मुख्याध्यापक होतो, शाळेत माझ्या नुसत्या चपलांचा आवाज आला तरी वर्ग गप्प व्हायचा, आणि घरी बातम्या संपल्याचं संगीत वाजलं की डोळ्यांत पाणी. बायकोनं कुणाला सांगितलं नाही. मी तर आत्ता पहिल्यांदा सांगतोय.

तुमचं डोकं जागेवर आहे. नळ तेवढा बंद ठेवत जा, सांगलीला पाणी उदंड असलं म्हणून काय झालं.

भूलभुलैया
१९ जून, दुपारी १:३०

दोन केसच्या मध्ये लिहितेय. मी भूलतज्ज्ञ आहे, २२ वर्षं हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देते.

आधी तुमचा शेवटून दुसरा परिच्छेद. दादा, सरळ विचारते, सरळ सांगा. जीव नकोसा झालाय का? संपवून टाकावं असं मनात येतं का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही, हे खात्रीनं सांगते. उत्तर ‘हो’ असेल तर आज घरच्यांना सांगा आणि आजच डॉक्टर गाठा. तोवर १४४१६ लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू, २४ तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आता बाकीचं. बायपास झालेल्या साधारण पाचातल्या एकाला नीट उपचार लागावेत एवढं नैराश्य येतं. सौम्य लक्षणं धरली तर आकडा आणखी वाढतो. म्हणजे तुमच्या वॉर्डात दहा जण होते असं धरा, तर दोघं-तिघं आत्ता आपापल्या न्हाणीघरात असतील. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००८ सालीच सांगितलंय की हृदयरोग्याला दोन प्रश्न विचाराच. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहिलं का? आणि ज्यात मजा वाटायची त्यातली मजा गेली का? दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे ओपीडीत ते होत नाही, कारण सर्जनच्या दारात चाळीस माणसं असतात आणि तो छाती बघतो. त्याची जखम सुकलेली असते, त्याला आनंद होतो. मी माझ्याच जमातीची तक्रार करतेय, पण खरं आहे.

हे मनाचे चोचले नव्हेत. नैराश्य असलेले पेशंट गोळ्या चुकवतात, चालायला जात नाहीत, सिगारेटकडे परत वळतात, आणि त्यांचं हृदयही मागे पडतं. त्याच संघटनेनं २०१४ साली म्हटलं की हार्ट अटॅकनंतरचं नैराश्य हा पुढच्या धोक्याचाच एक घटक धरावा.

ठोके जास्त जाणवणं फार कॉमन आहे, काही महिने राहतं. पण ‘गिळलेला ठोका’ मला इथे बसून ओळखता येणार नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत तिघाचौघांमागे एकाला ठोक्यांचा ताल बिघडतो, बहुतेकांचा परत बसतो. एकदा ईसीजी आणि गरज पडली तर चोवीस तासांची होल्टर तपासणी करून घ्या. मोटर न बघता तुम्ही निदान कराल का?

बेअरिंगवाला
१९ जून, रात्री ११:५०

डॉक्टर मॅडम, सरळ उत्तर. जीव द्यावा असं नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं आठवड्यातून दोनदा तरी येऊन जातं. आज बायकोला सांगितलं. ती गॅस बंद करून शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही, भाजी करपली होती तरी उठली नाही. उद्या कार्डिओलॉजिस्टकडे जातोय.

जास्वंद
२० जून, सकाळी १०:२०

वहिनींच्या बाजूने लिहिते. माझ्या नवऱ्याची बायपास होऊन दीड वर्ष झालं. डोंबिवलीत राहतो, वन बीएचके.

पहिले दोन महिने मी रात्री त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघायचे. हो, श्वास चालू आहे का. ते जागे असायचे, डोळे मिटून पडलेले, कारण ते जागे दिसले तर मला काळजी वाटेल! दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलेली. हे आम्हाला एकमेकांना सांगायला आठ महिने लागले, आणि सांगितलं तेव्हा एवढे हसलो की त्यांनी छातीला उशी लावली. (खोकताना-शिंकताना छातीशी उशी धरायची, ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे.)

लोक पेशंटला विचारतात ‘कसं वाटतंय’. बायकोला विचारतात ‘पथ्य पाळताय ना नीट’. मीठ मी मोजायचं, गोळ्यांचा डबा मी भरायचा, पाहुणे मी परतवायचे, आणि ते चिडले की ‘त्यांच्या मनावर ताण नको’ म्हणून मीच गप्प बसायचं. मला स्वतःला ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला. नॉर्मल आला आणि मी तिथेच टेबलावर रडले.

आणखी एक. कुणी विचारणार नाही म्हणून मी विचारते: नवरा-बायकोनं जवळ कधी यायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर का नसतं? मीठ किती ग्रॅम ते आहे, कोंबडी चालेल का ते आहे.

भूलभुलैया
२० जून, रात्री ९:१०

जास्वंद, नसतं कारण लिहिणारा लाजतो. ढोबळ उत्तर: छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर छातीवर भार नको. त्यानंतर दम न लागता दोन जिने चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, तेही लाजतील, लाजू देत. एक पक्कं लक्षात ठेवा: छातीत दुखल्यावरच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्राची) गोळी अजिबात नको, रक्तदाब धोकादायक खाली येतो. दुकानातून परस्पर आणून घेणारे पुष्कळ बघितलेत.

हसतमुख
२१ जून, सकाळी ५:५०

इथे फारच नकारात्मक चर्चा चालली आहे. देवाने जीवदान दिलं, कृतज्ञ राहा. पहाटे उठा, अनुलोम-विलोम करा, हास्यक्लब लावा. मन खंबीर असेल तर नैराश्य जवळही फिरकत नाही. माझ्या मेहुण्यांना बायपासनंतर असला काही त्रास झाला नाही.

खडूस_आजोबा
२१ जून, सकाळी ७:००

मेहुण्यांच्या न्हाणीघराचं पाणीबिल तपासा.

टिकटिक
२१ जून, दुपारी ३:४५

हसतमुख, तुमच्यावर राग नाही. पण ‘खंबीर राहा’ हे वाक्य मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय, म्हणून लिहिते.

नांदेडकडची. लहानपणी घसा धरला, मग गुडघे सुजले, मग घोटे. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, बरं वाटलं, सगळे विसरले. त्या घशातल्या जंतूंशी लढताना शरीरानं स्वतःच्याच हृदयाची झडप खाल्ली होती. ऱ्हुमॅटिक. त्यानंतर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. शाळेच्या सहलीच्या तारखा मी इंजेक्शनच्या तारखा धरून मोजायची. २९ व्या वर्षी मायट्रल झडप बदलली, धातूची बसवली. आता ३४.

बेअरिंगवाले काका, तुम्हाला रात्रीच ऐकू येतं. माझं दिवसाही ऐकू येतं, आणि दुसऱ्यांनासुद्धा. बारीक टिकटिक. मी वाचनालयात काम करते, म्हणजे जिल्ह्यातली सगळ्यात शांत जागा मला मिळाली! एकदा बालविभागातला एक मुलगा विचारतो, ‘ताई, तुमचं घड्याळ कुठंय?’ पहिलं वर्ष मला त्या आवाजानं वेड लागायची पाळी आली होती. कानात कापूस घालून उपयोग नाही, आवाज आतून येतो. मग कधीतरी बदललं, कधी ते सांगता येणार नाही. आता आवाज ऐकला की झोप लागते. थांबला तर मी नाही, एवढंच.

लग्नाचं. छातीवरचा वण ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो. आईनं सगळे गळे बंद करून घेतले होते. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी), मेथी-पालक एक दिवस ताटभर आणि आठवडाभर नाही असं चालत नाही. त्या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, म्हणजे मूल हवं तर आधी डॉक्टरांबरोबर बसून सगळं ठरवावं लागतं. हे सगळं स्थळांना सांगायचं की नाही यावर घरात तीन वर्षं भांडणं. मागच्या वर्षी मी एका स्थळाला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. तो मुलगा बिचारा पाणी पिऊन गेला. त्या रात्री मला इतकं हलकं वाटलं! त्यानंतर आईचे ते बंद गळे मी कात्रीने उघडले. शिवणकाम येत नाही, वाकडे उघडलेत.

याला मनाची वाढ म्हणतात की निबरपणा, मला माहीत नाही.

अधलीमधली
२२ जून, रात्री १०:३०

टिकटिक, तुझ्या शेवटच्या ओळीला नाव आहे म्हणून लिहायला बसले. मी समुपदेशक आहे, लातूरची, सध्या पुण्यात.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून हे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले दोन मानसशास्त्रज्ञ. मोठ्या आघातातून गेलेली काही माणसं नंतर म्हणतात की आपण बदललो, आणि काही बाबतींत बरे झालो, हे त्यांना वारंवार दिसत होतं. १९९६ साली त्यांनी त्यासाठी २१ विधानांची मोजपट्टी केली. त्यात पाच गोष्टी आहेत: माणसांशी जवळीक वाढणं, स्वतःच्या ताकदीचा अंदाज येणं, नवे रस्ते दिसणं, जगण्याची किंमत कळणं आणि श्रद्धेच्या, अध्यात्माच्या बाजूने काही हलणं. इंग्रजीत त्याला पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ म्हणतात. मराठीत ‘आघातोत्तर वाढ’ म्हटलं तर गळू आल्यासारखं वाटतं, म्हणून मी म्हणत नाही.

लोक यातलं नेमकं उलटं उचलतात. वाढ आघातामुळे होत नाही, आघातानंतरच्या झटापटीतून होते. त्यांनी भूकंपाची उपमा वापरली आहे. आम्हा लातूरकरांना ती समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहा वर्षांची होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाब्याचं छप्पर, पिढ्यान्पिढ्या ‘भक्कम’ म्हणून बांधलेली घरं, तीच अंगावर आली. नंतर घरं बांधली ती वेगळी बांधली. पण म्हणून भूकंप चांगला होता असं किल्लारीत जाऊन कुणी म्हणून दाखवावं!

दुसरं, वाढ आली म्हणजे दुःख गेलं असं नसतं. दोन्ही एकाच घरात राहतात. टिकटिक गळे कापते आणि एखाद्या रात्री रडतही असेल. आणि तिसरं, जे व्हॉट्सॲपवर येत नाही: माणसं ‘मी बदललो’ म्हणतात ते दर वेळी खरं नसतं. घटनेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजून पाहिलं तेव्हा माणसाला वाटणारी वाढ आणि प्रत्यक्ष फरक फारसे जुळले नाहीत. कधी कधी ‘मी खूप शिकलो’ ही नुसती मलमपट्टी असते. असू दे, मलमपट्टीही लागते. पण दुसऱ्याच्या जखमेवर ती आपण ओढूनताणून लावू नये. ‘पुनर्जन्म झाला’ म्हणणारे तेच करतात. रडायची सोयच काढून घेतात.

काका, एक बारीक फरक सांगते. विचार येणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. रात्री अडीचला घुसतो तो येणारा विचार. तुम्ही इथे बसून स्क्रूड्रायव्हरचं लिहिलंत तो केलेला विचार. पहिल्यातून काही उगवत नाही, दुसऱ्यातून उगवू शकतं.

हसतमुख
२३ जून, सकाळी ५:५५

मेहुण्यांना फोन केला होता. थोडा वेळ बोलले. नंतर लिहितो.

पिंपळपान
२३ जून, दुपारी १२:१०

विषयाला थोडं सोडून विचारू का? माझ्या वडिलांचं वय ७१. बायपासनंतर आयसीयूत तिसऱ्या रात्री त्यांना छताला बकऱ्या दिसायला लागल्या. नर्सला म्हणाले, ‘माझी किडनी काढायला आलात.’ नळ्या ओढल्या, हात बांधावे लागले. दोन दिवसांनी उतरलं. आता दोन महिने झाले, ते सगळं विसरलेत असं आम्ही धरून चाललोय. पण आयसीयूचा विषय निघाला की खोलीतून उठून जातात. शब्दकोडं सोडवायचे, आता पेन हातात धरून बसतात नुसते. ऑपरेशनमध्ये मेंदूला काही झालं असेल का?

भूलभुलैया
२३ जून, रात्री ११:४०

विषयाला धरूनच आहे. बकऱ्यांना डिलिरियम म्हणतात. वय, भूल, वेदना, झोपेचं खोबरं, चोवीस तास जळणारे दिवे आणि मशीनची पीं-पीं, चष्मा आणि कानाचं यंत्र काढून घेतलेलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर, विशेषतः साठी-सत्तरीच्या पुढे, हे फार वेळा होतं. ते वेड नव्हे. पण माणसाला बहुधा तुकडे आठवतात आणि लाज वाटते. वडिलांना म्हणा, ‘बाबा, तिथे बऱ्याच जणांना असं काहीबाही दिसतं, डॉक्टर सांगत होते.’ बस्स. पुढचं ते बोलतील किंवा नाही बोलणार.

शब्दकोड्याचं. २००१ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास फार गाजला. बायपासनंतर घरी जाताना ५३ टक्के लोकांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी घसरलेली, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी परत ४२ टक्के. मग सगळ्यांनी हार्ट-लंग मशीनला (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, ‘पंपहेड’ असं नावही पडलं. पण पुढे ऑपरेशन न झालेले हृदयरोगी शेजारी ठेवून पाहिलं तर काही वर्षांत तेही तेवढेच घसरत होते. म्हणजे दोष बराचसा गंजलेल्या नळ्यांचा, त्या मेंदूतही असतात. शिवाय आपल्याकडे पुष्कळ बायपास धडधडत्या हृदयावरच होतात, मशीन न लावता, आणि त्यांच्या बुद्धीत मोठा फरक पडलेला दिसला नाही. दोन महिने म्हणजे फार नव्हेत. पण नैराश्यानंही लक्ष लागत नाही, म्हणून वडिलांना ते दोन प्रश्न विचाराच.

लेस्टरकर
२४ जून, पहाटे ३:२०

इकडे इंग्लंडमध्ये बायपासनंतर आम्हाला कार्डियाक रिहॅबला बोलावतात, सरकारी खर्चानं. आठवड्याला दोन वर्ग, काही आठवडे. एका हॉलमध्ये पंधरा म्हातारे सायकली मारतात, मग खुर्च्यांवर बसून बोलतात. मी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. सायकल विसरलो, खुर्च्या लक्षात राहिल्या. माझ्या शेजारचा ट्रकवाला म्हणाला, ‘मी घरात एकटा असताना अंघोळ करत नाही.’ मीही करत नव्हतो.

आपल्याकडे मोठ्या शहरांतली काही रुग्णालयं सोडली तर हे नाही. पण त्या हसतमुखांच्या बाजूने एक सांगतो. भारतातच हार्ट अटॅकच्या जवळपास चार हजार रुग्णांवर योगाधारित रिहॅबची मोठी चाचणी झाली, २४ रुग्णालयांत. योगानं पुढचे अटॅक किंवा मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण ती माणसं आधीच्या कामांकडे जास्त चांगली परतली. ‘योगानं सगळं बरं होतं’ आणि ‘योगाचा काही उपयोग नाही’, दोन्ही पक्षांची निराशा करणारा निकाल आहे, म्हणून मला आवडतो.

बेअरिंगवाला
९ जुलै, रात्री ९:१५

बघा, नऊ वाजता लिहितोय. अडीच नाही.

होल्टर लावली. ठोका गिळतो ते खरं निघालं, पण निरुपद्रवी आहे म्हणाले. कार्डिओलॉजिस्टनी मिरजेच्या एका मानसोपचारवाल्यांकडे चिठ्ठी दिली. बाहेर बाकावर बसलो होतो तर समोर आमच्याच पेठेतला किराणावाला. दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही, इतकं छान ओळखलं नाही की बास.

सर्ट्रालीनची गोळी चालू केलीय, अगदी कमी. ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं म्हणून दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले. मला ‘मनाची गोळी’ म्हणून भीती होती, पण ही हृदयाच्या पेशंटांवर तपासून बघितलेली आहे म्हणाले. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. दुसरं, त्यांनी काळजीला वेळ ठरवून दिला. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा. वहीत लिहायची, आणि रात्री आली तर सांगायचं, उद्या सहाला ये. हसू नका. बिलाची वसुली मी अशीच करतो, ‘गुरुवारी या’ म्हणतो. वहीत पहिल्या दिवशी दोन पानं भरली. काल चार ओळी, त्यातली एक गॅस सिलिंडरबद्दल.

एफडीचं मुलीशी बोललो. ती म्हणाली, ‘पप्पा, लग्न मी ठरवेन तेव्हा होईल, आणि हॉल तुमच्या मोटरीसारखा सेकंडहँड घेऊ.’ पोरगी माझ्यावर गेलीय.

हसतमुख
१४ जुलै, सकाळी ६:१०

मेहुण्यांना बायपासनंतर सहा महिने त्रास होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मी दर रविवारी जाऊन त्यांना विनोद सांगत होतो.

खडूस_आजोबा
१४ जुलै, सकाळी ७:००

हसतमुखराव, हे लिहिलंत म्हणून तुम्हाला अनुमोदन. विनोद कोणते सांगत होतात ते मात्र इथे नको.

बेअरिंगवाला
२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतो. साडेपाच महिने झाले.

ऑगस्टपासून दुकान उघडलं, आधी दोन तास, आता सकाळभर. उचलायचं काही नाही, चेन पुली लावून घेतली. दुकानात एक पोरगा आहे, दहा वर्षं माझ्याकडे आहे. तार गुंडाळतो, वार्निश मारतो. पण बेअरिंगला कान मी त्याला कधी लावू दिला नव्हता. का, ते आता विचारू नका, तो माझा मान होता. मागच्या महिन्यात साडेसात एचपीची मोटर जमिनीवर होती, मला वाकायची इच्छा नव्हती. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. तो कान लावून म्हणाला, ‘मालक, पुढचं बरं आहे, मागचं गेलंय.’ बरोबर होतं. दहा वर्षं त्याला येत होतं, मला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वेल्डिंगवाल्याची बायपास झाली. बघायला गेलो. दारात चपला काढताना आतून ऐकू आलं, ‘पुनर्जन्मच म्हणायचा.’ मी शहाळं ठेवलं, सगळे गेल्यावर विचारलं, ‘रात्री झोप लागते का रे?’ तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बायकोला सांगू नका. दीड तास बसलो. त्याला न्हाणीघराचं सांगितलं.

गोळी अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा हळूहळू कमी करायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. रडू महिन्यातून एखाद्या वेळी येतं. दोडका आवडत नाही तो नाहीच. टिकटिकताई, तुमचं ते ‘आवाज ऐकला की झोप लागते’ मी बरेच दिवस धरून होतो, पण मला काही जमलं नाही. डाव्या कुशीवर अजून झोपत नाही. कान टेकला की मोजणं सुरू.

टिकटिक
२६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मोजा काका. मी दुसऱ्या वर्षी कंटाळून मोजायचं सोडलं.

खडूस_आजोबा
२७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

मीही डाव्या कुशीवर झोपत नसे. चार वर्षं. वैद्य झाले, उशा बदलल्या, पलंगाची दिशा बदलली. २३ मार्च २००३, वर्ल्डकपची फायनल. ३६० करायचे होते आणि सचिन पहिल्याच ओव्हरमध्ये गेला. टीव्ही बंद केला, रागाने भिंतीकडे तोंड करून पडलो. जाग आली तेव्हा अंधार पडला होता. भिंत डावीकडे होती.